हलका गेम, जड सल्ले

कोकणातल्या घरातून वस्तू बाहेर जात नाही, ती फक्त जागा बदलते. कापड फाटलं की आरामखुर्ची ओटीवरून पडवीत येते, पडवीतून खोपीत जाते, आणि तिथे तिच्यावर सोललेले नारळ विश्रांती घेतात. गीझर आला की तांब्याचं घंगाळ माळ्यावर चढतं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या स्थावर मालमत्तेत डेस्कटॉप संगणकाची भर पडली. त्याचाही प्रवास त्याच वाटेने चालू आहे, फरक इतकाच की तो अजून माजघरापर्यंतच पोचलाय.

आमच्या मालगुंडात ज्यांच्याकडे असा संगणक आहे, त्यांच्याकडे त्याची जन्मकथा साधारण एकच. २००१ साली एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि सरकारी नोकरीला तो लागतो असं कळल्यावर घरोघरच्या मुलांनी ‘सरावाला घरी मशीन पाहिजे’ असा धोशा लावला. मग एखाद्या बऱ्या हंगामात हापूसचे पैसे हातात आले की रत्नागिरीहून असेंबल केलेला संगणक यायचा. आमचा २०१२ सालचा. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. त्या काळी हे आकडे आम्ही पाहुण्यांना चहाबरोबर सांगत असू. दर दसऱ्याला मॉनिटरला झेंडूची माळ पडायची. तिच्या पाकळ्या की-बोर्डात शिरायच्या आणि पाकळ्यांमागून मुंग्या. पुढे मोबाइल आला, संगणकावर आजीने विणलेलं क्रोशाचं झाकण पडलं, आणि त्या झाकणावर फुलदाणी बसली.

मालगुंड हे केशवसुतांचं जन्मगाव. जुनं ते मरू द्या, जाळा किंवा पुरून टाका, असं महाराष्ट्राला ‘तुतारी’ फुंकून बजावणारा कवी इथला. ती कविता १८९३ची. आणि आम्ही काय केलं, तर त्यांचं जुनं कौलारू घर जपून ठेवलं. कोकण मराठी साहित्य परिषदेने १९९४ साली तिथे स्मारक उभारलं, गणपतीपुळ्याला आलेले लोक दीड-दोन किलोमीटर पुढे येऊन ते बघून जातात. जुनं टाका म्हणणाऱ्याचंही जुनं घर ज्या गावाने टाकलं नाही, ते गाव संगणक काय टाकणार?

तर गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पाचवीतल्या चिरंजिवांनी फुलदाणी बाजूला केली आणि अत्यंत विनयाने मागणी मांडली. “बाबा, मोठे गेम नकोतच. हलके चालतील.” हलका म्हणजे कोणता, असं विचारल्यावर माइनक्राफ्टचं नाव पुढे आलं. आम्ही मोबाइलवर चित्र बघितलं. चौकोनी ठोकळ्यांची झाडं, चौकोनी गाई, चौकोनी सूर्य. हे एवढं तर आमच्या संगणकाला झोपेतही जमेल, असं आजोबांसह सगळ्यांचं एकमत झालं.

गेमचं वजन दिसण्यावरून ठरत नाही, हे ज्ञान घरात पुढे आलं. आमच्या कॉलेजच्या दिवसांतला ‘व्हाइस सिटी’, २००२ सालचा. त्यात अख्खं शहर, गाड्या, समुद्रकिनारा, आणि मागणी किमान १२८ एमबी रॅमची. ठोकळ्यांच्या गेममध्ये मात्र प्रत्येक ठोकळा फोडता येतो, हलवता येतो, आणि चालत जाल तसं पुढचं जग तिथल्या तिथे तयार होतं. तो सगळा हिशेब संगणकाला सतत करत बसावा लागतो. दिसायला साधा आणि आतून खर्चीक, असे नमुने प्रत्येक भावकीत एक-दोन असतातच.

मुलाला मोबाइलवर खेळू दे, हा सोपा मार्ग होता. पण तिथे आजींनी नकाराधिकार वापरला. त्यांचं म्हणणं असं की मोबाइल पोरासोबत अंथरुणात जातो, न्हाणीघरात जातो, चुलत्याकडे जेवायलासुद्धा जातो. संगणक बापडा टेबलावर बसतो. पोरगं त्याच्यासमोर बसलं की त्याची पाठ माजघरातल्या प्रत्येकाला दिसते. मुलांच्या स्क्रीनटाइमवर इतका स्वच्छ विचार मी कुठल्या तज्ज्ञाकडून ऐकलेला नाही. ठराव झाला: संगणकच दुरुस्त करायचा, आणि खर्च अडीच हजारांच्या आत ठेवायचा.

ही बातमी बांधापलीकडे गेली आणि सल्ले यायला लागले.

पहिले आले डोंबिवलीचे काका. आंब्याच्या पेट्या न्यायला आले होते. “भंगारात घाल. नवीन घे. आमच्याकडे तीन वर्षांवर वस्तू ठेवत नाहीत.” सल्ला मनापासूनचा होता, पैसे तेवढे आमचे होते. पेट्या गाडीत भरताना ते पुन्हा म्हणाले, “नवीनच घे,” आणि गाडीच्या दाराची कडी सुतळीने बांधून निघून गेले.

दुसरा पुण्याचा भाचा. तो आयटीत. त्याने फोनवरच उपचार सुरू केले. “मामा, ग्राफिक्स कार्ड टाक.” टाकू. “पण तुझा एसएमपीएस ते झेपवणार नाही. तो बदल.” बदलू. “मग या मदरबोर्डला काय अर्थ राहिला? तोही बदल. बोर्ड बदलला की प्रोसेसर आलाच, रॅमही दुसरी लागणार. आणि कॅबिनेट काचेचं घे, आत लाइट असतात.” यादी संपली तेव्हा जुन्या संगणकातला माउसपॅड तेवढा शिल्लक राहत होता. त्याच्याबद्दलही तो म्हणाला, “बघू.”

तिसरा पंथ ‘फॉरमॅट मार’वाल्यांचा. या पंथाचे अनुयायी प्रत्येक वाडीत असतात. संगणक रखडतोय? फॉरमॅट मार. आवाज येत नाही? फॉरमॅट मार. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी त्यांचा हात विंडोजच्या पेन ड्राइव्हकडे जातो. पूर्वी गावात कुठल्याही दुखण्यावर एरंडेल देणारे वैद्य होते म्हणतात. त्यांची गादी रिकामी राहिलेली नाही.

चौथे एक दुकानदार. त्यांना फोनवर लक्षणं सांगितली. त्यांनी संगणक न बघता, नाव न विचारता निदान केलं: “मदरबोर्ड गेला असणार.” त्या वेळी त्याच मदरबोर्डावर आजोबा सातबारा उघडत होते. उघडायला वेळ लागत होता हे खरं, पण गेलेल्या मदरबोर्डावर सातबारा उघडल्याचं उदाहरण बहुधा ते एकच.

या सगळ्या चर्चेत मुलाच्या आईने एकच प्रश्न विचारला. “तो कशामुळे रखडतो, ते कुणी बघितलंय का?” कुणीच बघितलं नव्हतं. बघितल्यावर सल्ल्यातली मजा जाते. तिने टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर निवांत, आठ-दहा टक्क्यांवर. रॅम काठोकाठ. आणि डिस्क शंभर टक्के, लालभडक. म्हणजे दुखणं तिथे होतं, जिकडे एकाही वैद्याचा हात गेला नव्हता.

प्रकरण असं असतं. रॅम म्हणजे घराची ओटी आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा. ओटीवर जागा पुरली नाही की सामान माळ्यावर टाकायचं, लागलं की शिडी लावून खाली आणायचं. हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी मिनिटाला ७,२०० फेऱ्यांनी फिरत असते आणि एक सुई पुढेमागे सरकत माहिती शोधते. ओटी लहान आणि शिडी मोडकी असताना मालकाला, म्हणजे प्रोसेसरला, दंड-बैठका काढायला लावून उपयोग काय? एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, सगळ्या चिपा. शिडीचा प्रश्नच मिटतो. म्हणजे औषध ठरलं: एक २५६ जीबीची एसएसडी आणि रॅमची आणखी एक ४ जीबीची स्टिक.

पण औषधाआधी अंघोळ. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढल्यावर आतले रहिवासी दिसले. एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या कोपऱ्यात कुंभारणीने मातीचं घर बांधलं होतं, प्लास्टरसकट. पंख्याच्या पात्यांवर जांभ्याच्या लाल धुळीचा थर होता. पालीच्या अंड्यांची टरफलं सापडली, म्हणजे त्या पिढीचं शिक्षण संगणकावर झालं असणार. ब्लोअरने हे सगळं अंगणात उडवलं. धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची असतात, नाहीतर वाऱ्याने तो भलत्याच वेगाने फिरतो आणि बिघडतो. प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली.

समुद्राकाठच्या संगणकाचं एक वेगळंच दुखणं असतं. खारा, दमट वारा रॅमच्या पट्टीवरच्या सोनेरी दातांवर पुट चढवतो. संगणक चालू होतो, पंखा फिरतो, मॉनिटर मात्र काळा. बऱ्याच वेळा इथे मदरबोर्ड ‘गेलेला’ नसतो. मशीन बंद करून, वायर काढून, रॅम उपसायची, दात पांढऱ्या खोडरबराने हलके घासायचे, पुन्हा बसवायची. हा उपाय पाच रुपयांचा आहे आणि खोडरबर कंपासपेटीत परत जातो. तसंच ते घड्याळ. आमचा संगणक दर वेळी चालू झाला की स्वतःला २०११ सालात समजायचा आणि बँकेची वेबसाइट त्याला दारात उभं करत नसे. त्याला सीआर-२०३२ नावाचं बटणासारखं सेल लागतं. ते घड्याळजीकडे मिळतं. सेल बदललं आणि तो वर्तमानात आला. आजोबा म्हणाले, “२०११ काय वाईट होतं?”

आता खरेदी. एसएसडी आणि रॅम स्वस्त होत चालल्या असतानाच २०२५च्या अखेरीस जगभर मेमरीचे भाव चढले, कारण एआयच्या डेटा सेंटरांनी चिपा उचलायला सुरुवात केली. तिकडे अमेरिकेत कुणीतरी यंत्राला मांजरीवर कविता करायला सांगतो आणि इकडे मालगुंडात पोराची रॅम महागते. त्यातल्या त्यात बरं असं की आमच्या संगणकाला लागते ती जुनी डीडीआर-३. सेकंडहँड बाजारात बंद पडलेल्या ऑफिसांतून निघालेल्या तिच्या स्टिका मिळतात. घेताना एकच बघायचं: डेस्कटॉपची लांब, लॅपटॉपची आखूड. दोन्ही स्टिका दोन वेगळ्या चॅनेलच्या खाचांत बसवल्या की प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सलाही फायदा होतो, कारण ते बिचारं रॅममधूनच उसनं घेऊन जगत असतं.

एसएसडी आली. ती अडीच इंची, आणि जुन्या कॅबिनेटमधली जागा साडेतीन इंची. त्यासाठी पट्टी मिळते. पण तिच्यात हलणारं काही नसल्यामुळे दोन बाजूंच्या चिकटपट्टीने कॅबिनेटच्या भिंतीला चिकटवली तरी तिची तक्रार नसते. डोंबिवलीच्या काकांना फोटो पाठवला. त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. तो आशीर्वाद होता की निरोप, ते कळलं नाही.

पूर्वी संगणक चालू करून चहा टाकायचा, गाळायचा, प्यायचा आणि कप विसळून यायचं, तेव्हा तो ‘वेलकम’ म्हणायचा. आता गॅस पेटेपर्यंत तयार. या एका बदलाने घराच्या चहाच्या खर्चातच एसएसडीचे पैसे वसूल होतील, असा हिशेब आजोबांनी मांडला.

पुढचा पेच विंडोजचा. विंडोज १०चा सांभाळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला. विंडोज ११ला आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. आमचा दुसऱ्या पिढीचा. सहा पिढ्यांचं हे अंतर कुठल्याही पंचांगात जुळत नाही. मग लिनक्स मिंट टाकलं. फुकट आहे आणि जुन्या मशीनवर धावतं. फॉरमॅट पंथाच्या अनुयायाने हे ऐकून आवाज खाली घेतला. “ते हॅकर लोकांचं असतं ना?” आजींनी डोकावून बघितलं, घड्याळ दिसलं, ब्राउझर दिसला, पत्ते दिसले. “चालेल,” म्हणाल्या. वीजबिल, सातबारा, बोर्डाचा निकाल, सगळं ब्राउझरातच असतं. आंब्याच्या पेट्यांच्या हिशेबाला लिब्रेऑफिस पुरतं.

यातून एक गंमत निघाली. आमच्या प्रोसेसरमधलं इंटेलचं एचडी ग्राफिक्स २००० विंडोजवर ओपनजीएल ३.१पर्यंतच जातं. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीला २०२१च्या १.१७पासून किमान ३.२ लागतं. म्हणजे विंडोजवर नवा माइनक्राफ्ट उघडायलाच नकार देतो. तेच ग्राफिक्स लिनक्सच्या मेसा ड्रायव्हरवर ३.३पर्यंत पोचतं. हार्डवेअर तेच, वायर तीच, फक्त ड्रायव्हर बदलला आणि गेमचं दार उघडलं. दृश्याचं अंतर आखूड ठेवायचं, सावल्या बंद, ढग बंद. कोकणात ढग खिडकीतून दिसतात, ते गेममध्ये कशाला? गेम विकत घेण्याआधी घरच्या संगणकाची ताकद बघायची तर ‘लुआंटी’ आहे. तोही ठोकळ्यांचाच, पूर्वी त्याला ‘माइनटेस्ट’ म्हणत. फुकट आणि खरोखर हलका. शर्यतीसाठी ‘सुपरटक्सकार्ट’ आहे. त्यात पेंग्विन गाडी चालवतो आणि परवाना विचारायला कुणी येत नाही.

एवढं चालू झाल्यावर भाच्याचा पुन्हा फोन. “मामा, आता तरी कार्ड?” या बाबतीत त्याचं थोडं ऐकण्यासारखं होतं, पण खुणा बघून. जुन्या मशीनला चालेल असं जीटी १०३० कार्ड साधारण ३० वॅटवर भागवतं आणि मदरबोर्डाच्या खाचेतूनच वीज घेतं, वेगळी वायर मागत नाही. त्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, म्हणून ६० वॅटचं जीटीएक्स ७५० टीआयही बसतं. मेख अशी की जीटी १०३० दोन तऱ्हेचं आहे. पहिलं २०१७चं, जीडीडीआर-५ मेमरीचं. दुसरं २०१८चं, डीडीआर-४चं. नाव एकच, खोकंही सारखंच, पण दुसरं बरंच मंद. ऑनलाइन बाजारात तर जुन्या कार्डाच्या बायोसमध्ये नव्याचं नाव घालून विकणारेही आहेत. जुना बैल तरुण म्हणून विकणाऱ्यांच्या वंशजांनी धंदा बदललाय, हातखंडा तोच. आणि कार्ड घेण्याआधी एसएमपीएसची पेटी हातात घेऊन बघा. बिननावाच्या पेटीवर ४५० वॅट छापलेलं असतं ते छपाईवाल्याच्या इच्छाशक्तीचं माप समजायचं. आम्ही कार्ड घेतलं नाही. मुलाने गेम चालवून दाखवला आणि तो विषय तिथे संपला. भाचा थोडा नाराज आहे.

कोकणात खरा शत्रू कॅबिनेटच्या बाहेर असतो. जूनमध्ये वीज जाते, येते, पुन्हा जाते, मध्येच ट्यूबलाइट काजव्यासारखी लुकलुकते. परतीच्या पावसात तर आकाशातली वीज थेट चौकशीला येते. लोक मेन स्विच बंद करतात, संगणकाचा प्लग काढतात आणि इंटरनेटची केबल मात्र राउटरला तशीच ठेवतात. तांब्याची वायर असेल तर त्या वाटेनेही विजेचा झटका आत शिरतो आणि मॉडेमसोबत संगणकाचा लॅन पोर्ट घेऊन जातो. गडगडायला लागलं की दोन्ही काढायचं. घरचा जुना यूपीएस शिट्ट्या मारून मरत असेल तर बहुधा त्याची १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची बॅटरी संपलेली असते. बॅटरी बदलता येते, अख्खा यूपीएस टाकायची गरज नसते. आणि अर्थिंग खरोखर जमिनीत गेलंय का, ते वायरमनकडून एकदा तपासून घ्या. तिसऱ्या पिनेची वायर बोर्डामागे नुसतीच लोंबत असल्याची घरं बरीच आहेत.

तर संगणक आता धावतो. आणि धावायला लागल्यापासून चिरंजिवांना तो मिळेनासा झालाय. सकाळी आजोबा बाजारभाव बघतात. दुपारी आजी पत्ते खेळतात, आणि डाव लागेपर्यंत उठत नाहीत. संध्याकाळी मुलाची आई कामाचं टाइप करते. रात्री मी ‘नीट चालतो का ते बघायला’ बसतो आणि बराच वेळ बघत बसतो. मुलगा मागे उभा राहून म्हणतो, “बाबा, गेम हलका असला तरी खेळायला खुर्ची लागते.” नकाराधिकारवाल्या आजींनी आता वेळापत्रक लावलंय. त्यात सगळ्यांत मोठा रकाना त्यांचा आहे.

ज्यांच्या माजघरात असा संगणक झाकण पांघरून बसलाय, त्यांच्यासाठी क्रम लिहून ठेवतो. आधी साफसफाई, खोडरबर आणि सेल. मग टास्क मॅनेजर उघडून दुखणं नेमकं कुठे आहे ते बघणं. मग एसएसडी. मग रॅम, एकूण ८ जीबी होईल इतकी. मग लिनक्स. मग मुलाला खेळायला बसवणं. आणि तो स्वतः रडत आला तरच ग्राफिक्स कार्ड. यादीची बेरीज ऑफिसातून निघालेल्या सेकंडहँड डेस्कटॉपच्या किमतीला शिवायला लागली की थांबा आणि तो डेस्कटॉपच घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असे भरपूर मिळतात. शेवटचं म्हणजे, सल्ला देणाऱ्याला आधी झाकण उघडायला सांगा. निम्मे सल्ले स्क्रू-ड्रायव्हर बघूनच परत जातात.